रूपीचा राहिलेला चौक

डहाणूत मच्छीबाजाराच्या मागे एक गल्ली आहे, तिला नाव नाही. टपालवाला ‘फुग्याच्या कारखान्यामागे’ एवढं वाचतो आणि बरोबर येतो. कारखाना बंद पडून बारा-तेरा वर्षं झाली. फुगे गेले, यंत्रं भंगारात गेली, पण मागची भिंत अजून ठणठणीत उभी आहे. गल्लीच्या एका अंगाला ती भिंत, दुसऱ्या अंगाला सहा खोल्या आणि मधून गटार. शेवटच्या खोलीत रूपी राहते. एकटीच राहते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

आता कुणी त्या गल्लीत शिरलं तर नाकाला रुमाल लावायचं विसरतं. अख्खी भिंत गेरूने लाल आणि तिच्यावर पांढरी चित्रं. ताडावर चढलेला माणूस आहे. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणारी माळ आहे, कारण ती नसली तर शहरातली माणसं ‘हे कसलं वारली?’ म्हणून विचारतात. पण शेअर रिक्षात कोंबलेली अकरा माणसंही आहेत, वलांडीवर म्हणजे बांबूच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील आहेत, खाली टपून बसलेलं मांजर आहे, आणि नळावर भांडणाऱ्या दोन बाया आहेत. त्या दोघी कोण ते गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, त्या दोघींनाही.

एवढ्या भरल्या भिंतीत बरोबर मधोमध एक चौकोन कोरा होता. दोन हात रुंद, दोन हात उंच. गेल्या वैशाखापर्यंत कोराच होता. येणारा-जाणारा विचारायचा, “इथं काय यायचंय?” आणि रूपी म्हणायची, “राहिलंय.” बस्स. तिच्या तोंडून दुसरा शब्द काढायची कुणाची टाप नव्हती.

तर हे राहिलेलं काय, ते सांगायचं तर तलासरीकडच्या पाड्यावर जायला हवं.

रूपीची आई भिकी. आसपासच्या पाच पाड्यांत तिच्या हाताशिवाय लग्नाचा चौक होत नसे. वारल्यांच्या घरात लग्न निघालं की आधी आतली भिंत सारवून गेरूने रंगवतात आणि तिच्यावर तांदळाच्या पिठीने चौक लिहितात. काढतात असं म्हणत नाहीत, लिहितात म्हणतात. चौकात मधोमध पालघट देवी, आजूबाजूला चंद्र, सूर्य, फणी, शिडी, शेजारी घोड्यावरचे नवरा-नवरी. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई गाणी म्हणते, आणि सवाशिणी लिहितात. देवी येऊन चौकात बसली की मग लग्न. चौक नाही तर लग्न नाही. आणि लिहिणाऱ्या हाताची अट कडक होती. जिचा नवरा जिवंत आणि जिचा स्वतःचा चौक झालेला, तिनेच पिठीला हात घालायचा. इतरांनी पिठी वाटून द्यावी, बांबूची काडी चावून मऊ करून द्यावी, आणि बाजूला बसून बघावं.

रूपी दहा वर्षांची असल्यापासून बाजूला बसून बघत होती. आई घरात नसली की अंगणातल्या मातीवर काडीने रेघा मारायची. भिकी यायची, बघायची, पायाने पुसून टाकायची आणि म्हणायची, “हात माझा घेतलास गं पोरी. आता नशीब तेवढं वेगळं घे.” भिकीचा नवरा होता, पण कायम दारूत बुडालेला, त्या अर्थाने ती म्हणायची. देवाने ऐकलं, पण अर्धंच ऐकलं.

सतराव्या वर्षी रूपी मोरूकडे नांदायला गेली. लग्न न लावता गेली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण पाड्यावर निम्मी माणसं तशीच नांदतात. आधी संसार, लग्न सवडीने. कुणी पोरं झाल्यावर लग्न करतं, कुणी पोरांच्या लग्नाच्या मांडवात आपलंही उरकून घेतं. मोरू हसरा गडी होता. म्हणाला, “यंदा फाल्गुनात उडवून देऊ बार.”

आणि तिथंच सगळं फसलं. मोरू धाकटी डहाणूला देवजी तांडेलच्या बोटीवर खलाशी म्हणून लागला. बोटी नारळी पुनवेनंतर सुटतात त्या पावसाच्या तोंडावर परततात. वारल्यांची लग्नं फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. म्हणजे पाड्यावर मांडव पडत तेव्हा मोरू समुद्रात, आणि मोरू घरी यायचा तेव्हा भातलावणी. पावसात कसलं लग्न? “पुढच्या वर्षी नक्की,” मोरू म्हणायचा. रूपीही म्हणायची, “हो, पुढच्या वर्षी.” दोघंही खरंच बोलत होती हो. दोघांनाही वाटायचं, घाई काय आहे, माणूस कुठं पळून चाललाय? निलम जन्मली, चालू लागली, शाळेत गेली, आणि पुढचं वर्ष काही आलं नाही.

मधल्या काळात दोघं डहाणूत, या गल्लीत राहायला आली. रूपी फुग्याच्या कारखान्यात फुगे तपासायला जायची. पण लग्नसराईत कुठूनही बोलावणं आलं की पाड्यावर धावायची आणि पिठी वाटून द्यायची. एकदा एका घरात लिहिणाऱ्या बाईचा हात कापत होता. देवीचा एक हात खांद्यापासून सुटून हवेतच राहिला. रूपीला ते बघवेना. तिचं बोट आपोआप वाटीत गेलं आणि भिंतीकडे निघालं. धवलेरी होती बायजी, मोरूची फुई, म्हणजे आत्या. तिने गाणं मधेच थांबवून रूपीचं मनगट धरलं.

“तुझा झाला का चौक?”

सगळ्या बाया बघत होत्या. बायजी वाईट नव्हती, पण तिचा आवाज मोठा होता. रूपीने बोट पदराला पुसलं आणि परत कोपऱ्यात जाऊन बसली. देवीचा हात तसाच तुटका राहिला.

घरी येऊन तिने मोरूची पाठ सोडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्यावर ओरडली असेल. मोरूच्या मनाला लागलं. त्याने फाल्गुनात देवजीकडे महिनाभराची सुट्टी मागितली. देवजी म्हणाला, “मोरू, आत्ताच तर मासळी लागलीय. माणूस कुठून आणू? पुढच्या वर्षी तू म्हणशील तेव्हा सोडतो, माझा शब्द.” देवजी शब्दाचा पक्का माणूस. पुढच्या फाल्गुनात त्याने खरंच सोडलं असतं. पण मधे पौष आला. पौषात पहाटेचं जाळं ओढताना मोरूच्या छातीत कळ आली आणि बोट किनाऱ्याला लागेपर्यंत तो गेला. याला सहा वर्षं झाली.

देवजीची बायको मैना. तिची खोली गल्लीत दुसरी. तिने रूपीला एकटं पडू दिलं नाही असं गल्ली म्हणते, पण गल्लीचं काय ऐकायचं. मैनाने तिला कामाला घेतलं एवढं खरं. बोंबील वलांडीवर टांगायचे, सुकट निवडायची, जवळा पसरायचा. दिवसभर दोघी एकत्र असायच्या. पण मैनाच्या मनात तो सुट्टीचा सल होता आणि रूपीच्याही. दोघी सगळ्यावर बोलायच्या, मोरूवर कधी नाही. संध्याकाळी मैना आपल्या घरी जायची, जिथं माणसं होती. रूपी आपल्या खोलीत यायची. निलम तोवर नविनकडे नांदायला गेली होती, तलासरीजवळच. नविन उंबरगावला कंपनीत कामाला, पोरगा चांगला. रूपी भात टाकायची, आणि कितीतरी महिने हाताच्या सवयीने दोघांचा टाकायची. उरलेला सकाळी खायची.

भिंतीची सुरुवात पावसाळ्यात झाली. पावसात मासळी वाळत नाही, म्हणजे रूपीला काम नाही. उंबऱ्यात बसायचं आणि समोर बघायचं. समोर काय, तर कारखान्याची काळी पडलेली भिंत. वर पत्र्याची रुंद पन्हळ आहे म्हणून तिच्यावर पाऊस येत नाही, पण खालून गटाराचे शिंतोडे. असं किती बघणार माणूस? एका दुपारी ती उठली. वाटीभर तांदूळ भिजत घातलेले होते ते पाट्यावर वाटले, डिंक कालवला, झाडूची काडी चावली, आणि भिंतीवर एक बोट लिहिली. बोटीत एक माणूस उभा. एवढाच. माणूस मोठा नाही, करंगळीएवढा.

शेजारची हेतल दाराशी मशीन टाकून ब्लाउज शिवते. बोलकी बाई, गुजरातीत सुरू होते आणि मराठीत संपते. तिने मशीन थांबवलं.

“आ शुं रूपीबेन? बोट? आणि आत कोण?”

“कुणी नाय,” रूपी म्हणाली.

हेतलने मान डोलावली. तिला कळलं होतं. तिने पुन्हा मशीन चालू केलं, आणि थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, “एकटा छे ने बिचारा. बाजूला काहीतरी काढ.”

म्हणून रूपीने मासे काढले. मग समुद्र, मग किनारा, मग ताड. चौकाला हात लावायचा नाही हे ठीक, पण ताडाला कोण नाही म्हणतंय? मांजराला सवाशीण लागत नाही. तीस वर्षं दाबून ठेवलेला हात होता तो, सुटला तो सुटलाच. भिंतीचे चार हात भरले, आठ हात भरले. गेरू हेतलच्या नवऱ्याने आणून दिला. मग गल्लीला चेव आला. हेतलने आपल्या दारासमोरच्या भागात साथिया म्हणजे गुजराती रांगोळी काढली, चार टिपके चुकवून. मैना म्हणाली, “आमचा पापलेट काढ,” आणि रूपीने काढलेला बघून, “असा असतो होय पापलेट? आण ती काडी,” म्हणत स्वतःच सुरू झाली. तिचा पापलेट पहिल्यांदा उशीसारखा झाला. लोक पोट धरधरून हसले. तिसऱ्यांदा मात्र असा उतरला की बाजारातल्या बाया भाव विचारून गेल्या.

गल्लीतलं वागणंच बदललं. भिंतीपाशी कचरा टाकणारे लाजू लागले. संध्याकाळी माणसं पाट टाकून बाहेर बसू लागली. रूपीच्या दारात सतत कुणीतरी असायचं, “मावशी, माझी स्कूटर काढा,” “रूपीबेन, माझं लग्न जमत नाय, निदान भिंतीवर तरी नवरी द्या.” रूपी हसायची आणि द्यायचीही. मग दिवे लागले की जो तो आपल्या घरात. भिंतीवर शे-दीडशे माणसं झाली होती, आणि रूपीच्या खोलीत एकही वाढलं नव्हतं. ती दार उघडं ठेवून जेवायची, म्हणजे समोर बोट दिसायची.

मधला चौकोन तिने पहिल्याच वर्षी राखून ठेवला. का ठेवला, तिलाही सांगता आलं नसतं. तो भरायचा हक्क तिला नव्हता, आणि आता कधी मिळणारही नव्हता. नवराच नाही, तर सवाशीण कसली? पण जागा सोडली होती खरी.

गेल्या चैत्रात निलम आली. बसली नाही की पाणी प्यायली नाही, उभ्या उभ्याच म्हणाली, “आये, वैशाखात आमचं लग्न धरलंय.”

रूपी आनंदाने हातातलं काम टाकून उठली. मग तिने पोरीचे गाल धरले. “बरं केलंस गं. लवकर केलंस.”

“तुझ्यासारखं मी पुढच्या वर्षावर टाकणार नाय,” निलम म्हणाली. बोलून गेली आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. मग खरं कारण बाहेर पडलं. लग्न लावायला बायजीच यायची होती. तिने निलमला सांगितलं होतं, जिचा स्वतःचा चौक झाला नाही तिने लेकीच्या चौकाजवळ येऊ नये. देवी विचारते, असं त्या पाड्यांत मानतात. रूपीने मांडवाबाहेर बसावं, जेवावं, पण आत नाही. हळद लावायला नाही, पोरीच्या मागं उभं राहायला नाही.

“मी लग्नच करत नाय,” निलम म्हणाली. “तू आत नसशील तर.”

“गप,” रूपी म्हणाली. “एक लग्न राहिलं तेवढं पुरे झालं. मी बोलते फुईशी.”

बोलते म्हणाली, पण जायला पंधरा दिवस लावले. बायजीचा तो मोठा आवाज अजून कानात होता. शेवटी लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा ती तलासरीच्या एसटीत बसली. जाताना हेतलला म्हणाली, “दोन दिवसांनी येते. खोलीवर लक्ष ठेव.” कशाला चालली ते कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढची चूक झालीच नसती.

बायजी आता पंच्याऐंशीची. डोळ्यांना दिसत नव्हतं. आवाजही उरला नव्हता. रूपी पायांशी बसली तर म्हातारीने चाचपून तिचा हात शोधला आणि तेच मनगट धरलं.

“मोरूची ना तू? मला माहीत होतं तू येशील.”

“फुई, एकच पोर हाय माझी. तिच्या हळदीला मी बाहेर बसू?”

म्हातारी मग म्हणाली, “मेलेल्या माणसाचं लग्न लागत नाय असं नाय. लागतं. नवरी आली, चौक झाला, की देवी बसते. नवरा असो नसो. पण चौक लिहायला सवाशिणी पायजेत, रूपे. मेलेल्या नवऱ्याचा चौक लिहायला कोणची सवाशीण हात पुढं करील? आपल्या कपाळाला धक्का लागेल म्हणून भितात. मी तीन पाड्यांत विचारून पायलं. तुझ्यासाठीच विचारलं. एक बाय तयार नाय.”

“नाय मिळाली तर?”

“नाय मिळाली तर बाहेर बस. मी तरी काय करू?” आणि मग हळूच, “तेव्हा तुझा हात धरला होता मी. भिकीची पोर तू. हात सोडला असता तर देवी चांगली झाली असती.”

रूपी तिथं एक रात्र राहिली आणि सकाळी निघाली. एसटीत खिडकीशी बसून तिने मन घट्ट केलं. बाहेर बसायचं. काय होतंय बाहेर बसायला? लेकीचं लग्न होतंय ना, मग झालं तर. पण सारखं मनात येत होतं की निलम मागे वळून बघेल आणि मागे कुणी नसेल.

इकडे गल्लीत काय झालं होतं ते ऐका. कुठल्याशा मंडळाचा एक माणूस आला होता. भिंतीचा व्हिडिओ करायचा म्हणाला. खूप वाहवा केली, आणि मधल्या कोऱ्या चौकोनापाशी येऊन तोंड वाकडं केलं. “मधेच असं टक्कल कसं? इथं ती देवी हवी, चौकातली. शनिवारी येतो, तोवर भरून ठेवा.”

रूपी नाही, आणि शनिवार दोन दिवसांवर. हेतल म्हणाली, “बिचारी एकटीने एवढं केलं, हे आपण करून टाकू. आली की खूश होऊन जाईल.” मैनाला पटलं. आता देवी कुठून आणायची? तर हेतलला लग्नात आलेला एक चहाचा ट्रे होता, त्याच्यावर छापलेला चौक. तो ट्रे भिंतीला टेकवून ठेवला आणि दोघी भिडल्या. दिवसभर खपल्या. मैनाने पिठी वाटली, हेतलने पट्टी लावून कडा मारल्या. जीव ओतला हो बायांनी. कशाला हात घालतोय ते मात्र दोघींनाही ठाऊक नव्हतं.

रूपी दुपारी गल्लीत शिरली तेव्हा दोघी हात मागे बांधून तोंडभर हसत उभ्या होत्या.

“बघ तर खरं,” मैना म्हणाली.

रूपीने बघितलं. पिशवी तिच्या हातातून खाली पडली. चौक होता. चारी बाजूंची नक्षी होती, चंद्र-सूर्य होते, फणी होती, शिडी होती. मधे देवी होती, एक पाय आखूड, मान कलती. घोडा शेळीसारखा दिसत होता. पण चौक होता. तिच्या जागेवर, दोन सवाशिणींच्या हातचा, पूर्ण लिहिलेला चौक.

“रूपीबेन? चुकलं का काही?” हेतल घाबरली. “ट्रे बघून काढलं. घोडा जमलाच नाही.”

रूपी तिथंच गटाराच्या कडेला बसली, आणि तिने सगळं सांगितलं. चौक म्हणजे काय, तिचा कसा राहिला, फाल्गुन कसे गेले, बायजी काय म्हणाली, सगळं. मैनासमोर मोरूचं नाव तिने सहा वर्षांत पहिल्यांदा घेतलं. आणि शेवटी म्हणाली, “न विचारता तुमच्याकडून हे झालं. मेलेल्याचा चौक हाय हा. सवाशिणी भितात याला. तुमच्या कपाळाशी खेळ नको. मी आत्ताच धुऊन काढते.”

हेतलने मैनाकडे पाहिलं. मैनाचा चेहरा पांढरा पडला होता. देवजी त्या वेळी समुद्रात होता. बोट जाऊन तीन दिवस झाले होते. मैना वळली आणि बाजाराकडे चालती झाली.

रूपी उठली. बादली भरली, कुंचा घेतला. चौकासमोर उभी राहिली. पाणी मारलं की पाच मिनिटांचं काम होतं. पण हात उचलेना. आयुष्यभर या हाताला चौकाकडे जाऊ नको म्हणून सांगितलं होतं, आणि आता जा म्हटलं तर जाईना. ती तशीच उभी राहिली, किती वेळ ते हेतललाही सांगता आलं नाही. हेतल नुसती मशीनपाशी बसून होती, मशीन न चालवता.

ऊन कलल्यावर मैना परत आली. हातात वाटी होती, वाटीत कालवलेली हळद.

“ठेव ती बादली,” ती म्हणाली.

“मैना, देवजी तिकडं...”

“मला नको सांगू कुठं हाय तो. तीस वर्षं मीच धाडतेय.” मैनाचा आवाज फाटला. “समुद्राला कुठं गल्लीतली भिंत दिसते? न्यायचं त्याला तो नेतो, तुझा नेला तेव्हा कोणता चौक होता? फाल्गुनात सुट्टी दिली असती तर हा चौक तेव्हाच झाला असता. ते आमच्या घरचं देणं हाय. बस खाली.”

रूपीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने पुसलं नाही. हेतलने पाट आणला. रूपी चौकासमोर पाटावर बसली, पंचेचाळीस वर्षांची नवरी, सुकटीचा वास येणाऱ्या लुगड्यात.

आणि बसल्यावर काय, तर देवीचा तो आखूड पाय समोर दिसायला लागला. एक रेघ, बोटभर, ओढली की झालं. वाटीत पिठी उरली होती, काडी पडली होती. रूपीचा हात गुडघ्यावरून सरकला. मग तिला आठवलं, नवरीने आपल्या चौकाला हात लावायचा नसतो. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ती रडता रडता हसायला लागली.

“घोडा नाय तो, शेळीच हाय,” ती म्हणाली.

“सांगितलं ने मी!” हेतल म्हणाली आणि तिच्या डाव्या बाजूला टेकायला गेली.

“तिथं नको, बाई,” रूपी घाईने म्हणाली. “ती जागा धरलीय.”

हेतल उठली आणि उजवीकडे येऊन बसली.

मैनाने रूपीच्या गालांना हळद लावली, हातांना लावली, पायांना लावली. लग्नातली गाणी तिला येत नव्हती. तिने आपल्याकडच्या हळदीचं एक म्हटलं, हेतलने गुजरातीतलं म्हटलं. मग वाटीत बोट घालून मैना थांबली.

“आणि नवरदेव?”

रूपीने मान वळवून भिंतीच्या टोकाकडे, आपल्या दारासमोर पाहिलं. मैना समजली. ती वाटी घेऊन तिथवर चालत गेली, वाकली, आणि बोटीतल्या करंगळीएवढ्या माणसाला बोटाच्या टोकाने हळद लावली. लावून झाल्यावर ती बराच वेळ तिथंच वाकून राहिली. काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही.

रूपीने निलमला फोन लावला.

“बायजीला सांग, माझा चौक झाला. मी आत बसणार हाय.”

पलीकडून निलमने विचारलं, “कुणी लिहिला?”

“दोन सवाशिणींनी.”

“आणि बाबा?”

“हायत इथंच. हळद लागलीय त्यांना.”

निलम फोनवर हमसून हमसून रडली, आणि रूपीने तिला रडू दिलं.

दिवेलागण झाली तशा बाया उठल्या. हेतलच्या घरी कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. मैना खाडीवर गेली, बोटींची काही खबर आली का ते बघायला. रूपी घरात आली, हळदीच्या हातांनी तांदूळ निवडले, आणि दार उघडं ठेवून तिने एकटीपुरता भात टाकला.